कणा दुखावला, हक्क शाबूत आहे

(वसई-विरार परिसरातल्या तरुण-तरुणींच्या बैठकीतील भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हे डॉक्टरांचं आणि वकिलांचं काम आहे, आपला काय संबंध? संबंध आहे. विरारहून सकाळची लोकल पकडणारे आपण. वालीव, गोखिवरे, पेल्हारच्या गाळ्यांमध्ये मशीनवर उभे राहणारे आपण. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर बाइकवरून पार्सल पोचवणारे आपण. नव्या टॉवरच्या परांचीवर उभं राहून प्लास्टर करणारेही आपलेच भाऊ. लोकलचा दरवाजा, महामार्ग आणि परांची, या तिन्ही ठिकाणी माणूस पडतो तेव्हा कधी हात मोडतो, कधी पाय मोडतो, आणि कधी पाठीचा कणा. हात-पाय जुळतात. कण्याच्या आतली मज्जारज्जू बहुतेक वेळा पूर्वीसारखी जुळत नाही.

मज्जारज्जूला इजा झालेला माणूस एकाच वेळी दोन लढाया लढतो. एक शरीराची, दुसरी कागदाची. पहिल्या लढाईत डॉक्टर असतात, नर्स असतात, घरचे असतात. दुसरीत तो एकटा असतो. कायद्याची मुदत ज्या महिन्यांत संपत असते, नेमक्या त्याच महिन्यांत तो कुशीवरसुद्धा स्वतः वळू शकत नसतो. आज मला एवढंच सांगायचं आहे: त्याचा हक्क बहुतेक वेळा कोर्टात बुडत नाही, कोर्टात पोचण्याआधीच बुडतो. आणि तो बुडू न देणं तुमच्या-माझ्या हातात आहे.

इजा म्हणजे नेमकं काय

मेंदूकडून हातापायांकडे जाणारे निरोप मज्जारज्जूतून जातात. मानेजवळ इजा झाली तर चारही हातपाय जाऊ शकतात. छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर झाली तर दोन्ही पाय. सोबत लघवी आणि शौचावरचा ताबा जातो आणि स्पर्श कळेनासा होतो. स्पर्श कळत नाही म्हणून एकाच कुशीवर पडून पडून कातडी सडते, आणि ती जखम हाडापर्यंत गेली तरी माणसाला दुखत नाही. मग नळी, डायपर, हवेची गादी, व्हीलचेअर, फिजिओथेरपी, दिवसातून कितीतरी वेळा कूस बदलायला माणूस. हा खर्च एका ऑपरेशनचा नसतो. तो दर महिन्याचा असतो आणि आयुष्यभराचा असतो.

म्हणून या माणसाचा दावा साध्या फ्रॅक्चरच्या दाव्यासारखा चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आर. डी. हट्टंगडी विरुद्ध पेस्ट कंट्रोल या खटल्यात हे स्पष्ट केलं. अपघातात कमरेखालचं शरीर गेलेल्या एका वकिलाचं ते प्रकरण होतं. न्यायालयाने सांगितलं की भरपाईचे दोन भाग वेगवेगळे मोजायचे. पैशात दिसणारं नुकसान, म्हणजे उपचार आणि बुडालेली कमाई, हा एक भाग. वेदना आणि जगण्यातला हरवलेला आनंद हा दुसरा. आजही न्यायाधिकरणं याच मांडणीवर हिशेब करतात.

पहिला तास आणि पहिला कागद

उंचावरून पडलेल्या किंवा गाडीने उडवलेल्या माणसाला हात-पाय धरून झोळीसारखं उचलू नका. रिक्षात बसवू नका. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, जमेल तितकं स्थिर ठेवून १०८ ला फोन करा. इजा झालेली मज्जारज्जू उचलण्याच्या घाईत आणखी दुखावते. आपल्या मोहल्ल्यात पोलिसांची भीती असते, "मदत करायला गेलो आणि आपणच अडकलो तर?" मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ घातलं गेलं. रस्त्यावरच्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कसं झालं?" या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर लिहिलं जातं. पुढे वर्षभराने, तीन वर्षांनी तोच कागद न्यायाधिकरणासमोर येतो. काही घरांतून पोलिसांची कटकट टळावी म्हणून सांगितलं जातं, "घरी जिन्यावरून पडला." कधी मुकादम कानात सांगतो, "साइटचं नाव घेऊ नका, खर्च आम्ही करतो." हे एक वाक्य लिहिलं गेलं की पुढचा दावा जवळपास तिथेच संपतो. म्हणून खरं तेच सांगा. लोकलमधून पडला असेल तर लोकलमधून, परांचीवरून पडला असेल तर परांचीवरून. एमएलसी नोंदवली का, तिचा नंबर काय, कोणत्या पोलीस ठाण्याला कळवलं, हे विचारून लिहून घ्या. एमआरआयच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती, अँब्युलन्सची पावती, सगळं एका फाइलमध्ये. ही फाइल म्हणजेच उद्याचा साक्षीदार.

आता दरवाजा कोणता ठोठवायचा ते पाहू. अपघात कुठे झाला त्यावर ते ठरतं.

महामार्गावर

वाहनाने झालेल्या अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. अपघात जिथे झाला तिथे, किंवा जखमी माणूस जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायाधिकरणात, किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो तिथे दावा करता येतो. गुजरातमध्ये अपघात झाला म्हणून नालासोपाऱ्याच्या माणसाने स्ट्रेचरवरून गुजरातला खेपा घालायची गरज नाही.

मुदत लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२२ पासून, ही मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. सहा महिने म्हणजे मणक्याचं ऑपरेशन, जखमा भरणं आणि व्हीलचेअरवर बसायला शिकणं, एवढ्यातच ते निघून जातात.

पोलिसांवरही जबाबदारी आहे. अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि न्यायाधिकरण तो अहवालच अर्ज म्हणून घेऊ शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीसाठी सविस्तर निर्देश दिले. म्हणून ठाण्यात जाऊन नम्रपणे पण ठामपणे विचारा: अहवाल गेला का?

उपचारासाठी आणखी एक गोष्ट. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची कॅशलेस योजना आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत येतात. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर हिट अँड रन योजनेत गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. रक्कम छोटी आहे, पण हक्काची आहे.

आता हिशेब करू. समजा, आपल्या गल्लीतला २५ वर्षांचा एक मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, महिन्याला १५,००० कमावतो. मागून आलेल्या ट्रकने त्याला उडवलं, दोन्ही पाय गेले. वर्षाची कमाई १,८०,०००. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाची कमाई पुढे वाढली असती म्हणून तीत ४० टक्के मिळवायचे. हा आकडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात ठरवला आणि जखमींच्या दाव्यातही अशी वाढ धरावी हे २०२० मध्ये पप्पू देव यादव यांच्या खटल्यात सांगितलं. झाले २,५२,०००. या वयाला गुणक १८. एकूण ४५,३६,०००. ही फक्त बुडालेल्या कमाईची रक्कम. उपचार, सोबतचा माणूस, व्हीलचेअर आणि वेदना यांचे पैसे वेगळे.

आणि त्याच मुलाच्या खाटेपाशी ट्रकमालकाचा माणूस येतो, दोन लाख ठेवतो आणि स्टँपपेपरवर सही मागतो. घरात औषधाला पैसे नसतात. सही होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

अजून एक खाच आहे. समजा, त्याच्या प्रमाणपत्रावर "६० टक्के अपंगत्व" असं लिहून आलं. विमा कंपनीचे वकील म्हणतील, कमाई ६० टक्केच बुडाली, म्हणजे २७,२१,६०० द्या. पण राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक करून ठेवला आहे. शरीराचं अपंगत्व किती आणि त्यामुळे कमाईची क्षमता किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाइक चालवून पोट भरणाऱ्याचे पाय गेले तर प्रमाणपत्रावर काहीही आकडा असो, त्याचा तो धंदा पूर्ण गेला. हा मुद्दा वकिलाने मांडायलाच हवा आणि तो मांडला जातोय का हे आपण विचारायला हवं.

पगाराची स्लिप नाही म्हणून दावा सोडू नका. आपल्यातले निम्मे लोक रोख पगारावर असतात हे न्यायालयांनाही ठाऊक आहे. कागद नसेल तेव्हा किमान वेतन हा एक आधार धरता येतो, पण तो शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. मालकाचं पत्र, बँकेतल्या नोंदी, सहकाऱ्याची साक्ष, यूपीआयवर आलेले पैसे, सगळं उपयोगी पडतं.

लोकलमध्ये

विरारची लोकल कशी भरते हे तुम्हाला सांगायला नको. चालत्या गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशासाठी रेल्वे कायदा, १९८९ मधलं कलम १२४ अ आहे. यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्येचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेडाच्या भरातलं कृत्य आणि नैसर्गिक आजार, एवढेच अपवाद आहेत.

"दारात उभा होता, त्याचीच चूक" हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. २०१० मध्ये जमीला विरुद्ध भारत सरकार या खटल्यात हाच प्रश्न आला होता. गाडीतून पडून मरण पावलेल्या माणसाच्या कुटुंबाला सांगितलं गेलं होतं की त्याच्याच निष्काळजीपणामुळे तो पडला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, उघड्या दारात उभं राहणं निष्काळजीपणा असेल, पण तो कायद्यातला गुन्हा किंवा जाणूनबुजून करून घेतलेली इजा नव्हे. २०१८ मध्ये रीना देवी खटल्यात न्यायालयाने आणखी सांगितलं की जखमीजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं होत नाही. सुरुवातीला प्रतिज्ञापत्रावर हकिगत मांडली की पुढचं ओझं रेल्वेवर येतं. तरीही पास किंवा मोबाइलवरचं तिकीट जपून ठेवा. फोन फुटला असेल तर सिमकार्ड तरी सांभाळा.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, मुदत एक वर्ष. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. १ जानेवारी २०१७ पासून भरपाईची कमाल रक्कम ८ लाख रुपये आहे आणि इजेप्रमाणे रकमा ठरलेल्या आहेत. ज्या इजेने माणूस कुठलंच काम करण्याजोगा उरत नाही, तिथे पूर्ण ८ लाख मागता येतात. इथे वय आणि कमाईचा हिशेब नाही. म्हणून रस्त्यावरच्या आणि लोकलमधल्या सारख्याच इजेच्या रकमेत एवढा फरक पडतो. तो फरक न्याय्य आहे का, हा प्रश्न आपण लोकप्रतिनिधींना विचारला पाहिजे.

एक कटू गोष्टही सांगतो. रूळ ओलांडताना गाडीची धडक बसली तर हे कलम सहसा उपयोगी पडत नाही. पूल दूर असला तरी पुलावरूनच जा.

कामाच्या जागी

कामावर असताना इजा झाली तर आजवर आधार होता तो १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तीत सामावला गेला. हिशेबाचं सूत्र तेच आहे: कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. २०२० मध्ये वेतनाची मर्यादा १५,००० ठरली. तिचे ६० टक्के म्हणजे ९,०००, आणि २५ वर्षांच्या कामगाराचा गुणक २१६.९१. रक्कम होते १९,५२,१९०. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. पण साइट बंद होते, मुकादम गाव बदलतो, साक्षीदार परत गावी जातात. म्हणून पहिल्या महिन्यातच लेखी नोटीस द्या.

ठेकेदार पळाला तर? ज्याच्यासाठी काम चाललं होतं त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. कारखान्यात ईएसआय कापला जात असेल तर दरवाजा वेगळा: कायमच्या अपंगत्वाचा लाभ ईएसआयकडून दरमहा मिळतो आणि मग मालकावर वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही. म्हणून वेतनाच्या चिठ्ठीवर ईएसआय कापलाय का ते आजच पाहा. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. पडल्यानंतर नोंदणी करून भागत नाही, ती आधीच हवी.

वकील कुठून आणायचा

आता सगळ्यात महत्त्वाचं. "हे सगळं खरं, पण वकिलाला द्यायला पैसे कुठून आणू?"

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. त्या यादीत अपंग व्यक्ती आहे, उत्पन्नाची अट न घालता. स्त्री आहे, मूल आहे, अनुसूचित जाती-जमाती आहेत, औद्योगिक कामगार आहे. यापैकी कशातच न बसणाऱ्याला राज्याने ठरवलेल्या उत्पन्न मर्यादेत वकील मिळतो. ज्या इजेने माणसाचं चालणं हिरावलं, त्याच इजेमुळे त्याला सरकारी खर्चाने वकील मागण्याचा हक्क मिळतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र यायला वेळ लागत असेल, तर तोवर उत्पन्नाच्या किंवा कामगाराच्या निकषावर अर्ज करा. थांबू नका.

आपल्यासाठी पहिली पायरी म्हणजे वसई न्यायालयातली तालुका विधी सेवा समिती. फोनवर १५१००, ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. जखमीने स्वतः जायची गरज नाही, त्याच्या वतीने घरचा माणूस अर्ज देऊ शकतो.

रुग्णालयाच्या दारात भेटणाऱ्या एजंटांपासून मात्र सावध राहा. "पैसे मिळाले की त्यातले इतके टक्के द्या" असं ठरवून वकिली करायला वकिलांच्या आचारनियमांत मनाई आहे. कोरे वकालतनामे, कोरे चेक, एटीएम कार्ड कोणाच्याही हाती देऊ नका. लोकअदालत चांगली सोय आहे, पण तिथल्या तडजोडीवर अपील नसतं. सही करण्याआधी आकडा मोजा, कोणालातरी वाचायला लावा.

"मुकद्दर होतं"

आता थोडं घरातलं बोलू. आपल्या घरांत अशा वेळी एक वाक्य येतंच: "मुकद्दर होतं, सब्र करा." आईच्या तोंडी ते वाक्य येतं तेव्हा त्यात तिचा धीर असतो. त्या धीराचा मला आदर आहे. पण दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत आपण भरावी, असा सब्रचा अर्थ नाही. नकळत झालेल्या हानीची भरपाई द्यावी लागते, ही दियतची कल्पना आपल्या घरांतल्या थोरांना नवी नाही. तेव्हा "हे पैसे घेणं बरोबर दिसतं का?" असं विचारणाऱ्या आजोबांना शांतपणे सांगा, हे दान नाही, हे देणं आहे.

दुसरं वाक्य येतं, "आपसात मिटवा." जमातीतले चार वडीलधारे बसून भांडण मिटवतात त्यात चांगुलपणा असतो. पण २५ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांचा खर्च चहाच्या दोन कपांत मोजता येत नाही. विमा कंपनी देणार असलेली रक्कम शेजाऱ्याच्या संबंधांपायी सोडून देऊ नका. वाहनाचा विमा चालू असेल तर बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या खिशाला हातही लागत नाही.

तिसरी अडचण फार साधी आहे आणि फार छळते: नाव. आधारवर "शेख", रुग्णालयात "शैख", एफआयआरमध्ये "मोहम्मद"चा "मो.", रेशनकार्डवर "मोहंमद", वडिलांचं नाव एका ठिकाणी पुढे, एका ठिकाणी मागे. विमा कंपनी विचारते, हे दोघे एकच कशावरून? म्हणून रुग्णालयात भरती करतानाच आधार पाहून नाव लिहायला सांगा. घोळ झाला असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लवकर करून ठेवा.

सांभाळणारी

खाटेशेजारी कोण असतं? बायको, आई, बहीण. तिची शिलाई सुटते, तिची शिकवणी सुटते, कधी तिची बारावी सुटते. तिच्या या कामाला घरात "सेवा" म्हणतात. न्यायालयात त्याला "परिचारकाचा खर्च" म्हणतात आणि तो मागता येतो.

कर्नाटकातल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. २०१० मधल्या अपघातात, पाच वर्षांचा असताना त्याचे दोन्ही पाय लुळे पडले, लघवी-शौचावरचा ताबा गेला. न्यायाधिकरणाने १८ लाखांवर रक्कम दिली, उच्च न्यायालयाने ती कमी करून साडेतेरा लाखांच्या आत आणली. त्याच्या घरच्यांनी दावा सोडला नाही. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ४९,९३,००० केली. त्यात सांभाळणाऱ्या माणसाचे महिन्याला ५,००० याप्रमाणे १८ च्या गुणकाने १०,८०,००० धरले. बारा वर्षं लागली, हे कडू सत्य आहे. पण कमी मागितलं असतं किंवा मध्येच सोडलं असतं, तर त्या मुलाच्या वाट्याला काय आलं असतं?

आणि इजा गृहिणीलाच झाली असेल तर? "ती कुठे कमावत होती?" असं म्हणून दावा अर्धवट करू नका. घरकामालाही किंमत आहे आणि ती मोजली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स खटल्यात ठामपणे सांगितलं.

पैशाच्या पुढचं

भरपाई मिळाली म्हणजे कायद्याचं काम संपलं असं नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सांगतो की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढून टाकता येत नाही. त्याला त्याच पगारावर जमेल असं दुसरं काम द्यावं लागतं. कॉलेजमध्ये शिकणाऱ्याला वर्गापर्यंत पोचायची सोय मागता येते. तक्रारीसाठी राज्याचे अपंग व्यक्ती आयुक्त आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

आणि जगणं पुन्हा शिकायला जागा आहेत. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. मुंबईतली नीना फाउंडेशन डॉ. केतना मेहता यांनी उभी केली. पॅराग्लायडिंगच्या अपघातात त्यांच्याच मज्जारज्जूला इजा झाली होती. वकील जितक्या लवकर लागतो, तितक्याच लवकर असा माणूसही लागतो, जो व्हीलचेअरवर बसून सांगेल, "मीही इथून गेलोय."

आपण काय करायचं

प्रत्येक मोहल्ल्यातून दोघं पुढे या, एक मुलगा आणि एक मुलगी. विधी सेवा प्राधिकरण पॅरा लीगल व्हॉलंटियर तयार करतं, त्यासाठी अर्ज करा. वकिलीची पदवी लागत नाही. अपघाताची खबर आली की रुग्णालयात जा आणि चार गोष्टी करा. केसपेपरवर कारण खरं लिहिलंय का ते पाहा. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवा. एक फाइल उघडा. आणि आपल्या मोबाइलमध्ये मुदतीची आठवण लावा: रस्ता, सहा महिने, रेल्वे, एक वर्ष, काम, ताबडतोब नोटीस.

मग दर महिन्याला एकदा त्या घरी जा. फाइलमध्ये नवी पावती लावा, वकिलाला फोन करून पुढची तारीख विचारा, आणि दहा मिनिटं त्या माणसाशी क्रिकेटवर, निवडणुकीवर, कशावरही गप्पा मारा. पहिल्या आठवड्यात त्याच्या खाटेभोवती पन्नास माणसं असतात. सहाव्या महिन्यात, नेमकी मुदत संपायच्या वेळी, कोणीच नसतं. त्या सहाव्या महिन्यात दारात उभा राहणारा माणूस आपल्याला व्हायचं आहे.

ज्यांना नाव नोंदवायचं आहे त्यांनी बैठक संपल्यावर थांबा. फोन नंबरासोबत आपला मोहल्लाही लिहा, म्हणजे कोणत्या भागात अजून कोणी नाही ते आजच कळेल.